माडगं चालतं, भाकरी चालत नाही

रविवार, १६ ऑक्टोबर १९९४. रक्कम रुपये सात हजार. जागा म्हसवडपासून कोसभर आत असलेली एक वस्ती, लिंबाखाली अंथरलेली दोन घोंगडी. हजर माणसं नऊ: माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा थोरला भाऊ, तिची आई, वस्तीवरचे दोन जाणते पंच, शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर, मी, माझी बायको, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे माझी भावजय. भावजय घोंगड्यावर बसली नव्हती. दाराच्या चौकटीला टेकून ती सुपात हुलगे निवडत उभी होती, आणि खडा सापडला की तो आमच्या दिशेने फेकत होती.

विषय काडीमोडीचा होता. लग्नात तिच्या माहेरने दिलेली भांडी, घातलेलं सोनं आणि लग्नाचा अर्धा खर्च, सगळं मिळून सात हजार. ते आम्ही परत करायचे, पंचांसमोर काडी मोडायची आणि दोन्ही घरं मोकळी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात वजनकाट्यावर नोकरीला आहे. आकडा मी मनातल्या मनात दोनदा जुळवून पाहिला, तो बरोबर होता. माझी तक्रार रकमेबद्दल नव्हती, काडीबद्दल होती. पण तक्रार करायला माझ्याकडे मुद्दा नव्हता.

माझा भाऊ कुपवाडच्या एका कारखान्यात टर्नर होता. लेथवर त्याचा हात चांगला होता, आणि मापं तो कागदावर न लिहिता डोक्यात ठेवी. बाविसाव्या वर्षी त्याला वाटायला लागलं की कारखान्यातल्या चहात कोणीतरी काही घालतंय. मग घरच्या जेवणाबद्दलही तसंच वाटू लागलं. मग कोणी नसताना आवाज. सांगलीतल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, आणि महिन्याला एक इंजेक्शन, जोडीला रोजची गोळी सुरू केली. दोन वर्षांत तो सावरला. आवाज गेले, जेवणाचा संशय गेला. कारखाना सुटला तो सुटलाच, पण यार्डात हळदीच्या पोत्यांना शिलाई मारायचं काम तो नीट करू लागला.

लग्न ठरवताना आम्ही आजार लपवला नाही. मीच जाऊन सगळं सांगितलं होतं. तिच्या घरचे पिढ्यान् पिढ्या मेंढपाळ, आता थोडी बाजरी पिकवणारे. तेव्हा ही मुलगी आतून म्हणाली होती, "कळपात एखादं बुजरं निघतंच की. बुजरं म्हणून कोण सोडून देतंय व्हय?" त्या वाक्यावर लग्न ठरलं, असं म्हटलं तरी चालेल. पहिली चार वर्षं चांगली गेली. दोघं मिळून हसत, आणि तो हसणं विसरलेला नाही हे पाहून आम्ही हसत असू.

मग १९९१ नंतर तो मंदावत गेला. आवाज नव्हते, संशय नव्हता, पण डोकं जड झाल्यासारखं. दोन वस्तू आणायला पाठवला तर एक आणे, कधी एकही नाही. बोलता बोलता धागा सुटे. डॉक्टरीणबाई दर भेटीत त्याला पाच शब्द सांगत आणि थोड्या वेळाने विचारत. सुरुवातीला पाचच्या पाच येत. मग चार, मग तीन, मग दोन. या आजारात काहींची बुद्धी काळाने अशी मंदावते, काहींची नाही, असं त्या म्हणाल्या. आम्ही धरलं की आपला 'काहीं'मधला.

त्यातच तो बायकोने केलेली भाकरी ताटातून बाजूला सारू लागला. कारण विचारलं तर एकच उत्तर: "हलगी वाजती." भाकरी सारणं आम्हाला जुन्या दिवसांतलं ओळखीचं होतं, आणि हलगी म्हणजे परत आवाज. दोन्हीचा अर्थ आम्हाला विचारावा लागला नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली, आणि भावजय दोन वर्षं ते ताट बघत राहिली. श्रावणात ती माहेरी गेली.

तर लिंबाखाली.

"पाव्हणं, तुमच्यावर आमचा राग न्हाई," भावजयीचा भाऊ मला म्हणाला. "पर माजी भन तिथं कुणासाठी ऱ्हायाची? ह्यो बोलत न्हाई. बाजारला धाडला तर मोकळा माघारी येतोय. ते बी सोडा. तिनं केलेली भाकरी बाजूला सारतोय. बायकू इख घालती असं ज्याला वाटतंय, त्याच्यासंगं संसार कसा व्हायाचा, तुमीच सांगा."

मास्तरांनी भावाला विचारलं, "का रे, भाकरी का नको?"

"हलगी वाजती," भाऊ म्हणाला आणि घोंगड्याची दशी ओढत बसला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. माझी बायको डोळ्यांना पदर लावणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

"आवं पंच, माजी भाकरी सारतोय ही खरं हाय. पर माजंच माडगं वाटीमागं वाटी वरपतोय! इख घालायचंच झालं तर मी माडग्यात घालीन. ढवळलं की झालं. भाकरीत घालून थापत बसली तर पयली मीच मरंन की!"

हुलग्याचं माडगं म्हणजे भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण. माणदेशात ते भांडं तोंडाला लावून पितात. पंच खो खो हसले. तिची आई हसली. माझी बायको रडायच्या बेतात होती तीही हसली. भाऊसुद्धा हसला, पण गालावर हात दाबून. मला वाटलं, लाजला.

"बाई लय पोचलेली हाय," थोरले पंच डोळे पुसत म्हणाले. "आसं करूया. गुडीपाडव्यापातूर थांबूया. पाडव्याला पैकं घिऊन या, काडी बी तवाच मोडू." तिच्या भावाने मान डोलावली. सभा उठली.

काट्यावरच्या माणसाला एक खोड लागते. वजन जास्त भरलं की तो पोत्याला दोष देत नाही. आधी बघतो, पारड्यावर दुसरं काय आहे. परतीच्या एसटीत मी भावजयीचं बोलणं तसंच समोर ठेवलं. भाकरी आणि माडगं. दोन्हीला हात तेच, चूल तीच, मीठ तेच, वाढणारी तीच. मग फरक उरतो तो एवढाच की एक चावावं लागतं आणि दुसरं गिळलं की झालं.

"मागच्या दिवाळीत ह्याने चकली खाल्ली होती का?" मी बायकोला विचारलं.

"आता दिवाळीचं काय मधनंच?" ती म्हणाली. "नाही खाल्ली. तशीच ठेवली होती."

"करंजी?"

"आतलं सारण खाल्लं. पारी ठेवली."

"लाडू?"

"बेसनाचे खाल्ले. डिंकाचे नाही. आवं पर, चकली तर मी केली होती, तिनं नव्हती केली."

एवढं बोलून ती थांबली. आम्ही दोघांनी एकाच वेळी खिडकीशी बसलेल्या भावाकडे पाहिलं. तो डाव्या गालावर तळहात ठेवून झोपला होता. गेली दोन वर्षं तो तसाच झोपत होता, आणि ते आम्ही रोज बघत होतो.

विट्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर सरबताच्या गाड्याजवळ उजेडाकडे तोंड करून मी भावाला उभं केलं. "आ कर," म्हटलं.

"इथं?"

"इथंच."

त्याने आ केला. वर्णन करत नाही. मी एक पाऊल मागे आलो, बायको दोन, आणि सरबतवाला म्हणाला, "आरारा! पाव्हणं, ह्येला सरबत नगा देऊ गार. मरंल त्यो."

दुसऱ्याच दिवशी सांगलीत डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी माडग्याची आणि चकलीची हकिकत सांगितली. मग त्यांनी बॅटरी घेतली, भावाचं तोंड उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"हलगी कुठे वाजते?" त्यांनी त्याला विचारलं.

"दाढंत," भाऊ म्हणाला. "डाव्या. खालच्या. म्या सांगितलं हुतं ह्यास्नी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं.

"मी म्हटलं, कुठं का वाजेना," बायको म्हणाली. "हलगी ती हलगी."

डॉक्टरीणबाई आधी हसल्या आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही मला हलगी ऐकू येते एवढंच सांगितलंत. मी तो भास धरला आणि गोळी वाढवली. त्या गोळीने तोंड कोरडं पडतं. कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. कीड वाढली की ठणका वाढणार, ठणका वाढला की ह्याची हलगी वाढणार, आणि तुम्ही परत माझ्याकडे येणार."

"आणि तुम्ही परत गोळी वाढवणार," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तेच तर झालंय."

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. ईएसआर नावाची एक तपासणी असते. अंगात कुठे सूज, दाह धुमसत असेल तर तिचा आकडा चढतो. वीसच्या आत असावा असं चिठ्ठीवर छापलेलं होतं. भावाचा ऐंशीच्या वर होता. आकडा पाहिल्यावर मला बरं वाटलं, हे कोणाला विचित्र वाटेल. पण इतकी वर्षं त्याच्या आजाराला मोजता येईल असं काही नव्हतं. ह्याला होतं.

"म्हणजे डोकं मंद झालं ते दातांमुळे?" मी विचारलं.

"तुम्हाला फ्लूचा ताप आला की यार्डातले हिशेब जमतात का?"

"नाही जमत."

"ह्याला तसा बारीक ताप दोनतीन वर्षं असणार. अंगात दाह पेटलेला राहिला की मन सुस्तावतं, एवढं सगळ्यांनाच होतं. ह्या आजाराच्या माणसांत काळाप्रमाणे जी बुद्धी मंदावते, तिच्यात अशा दाहाचाही वाटा असावा, अशी काहींना शंका आहे. नक्की कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. दात काढू. किती उजळतो ते बघू. सगळं परत येईल असं मनात धरू नका."

मी धरलं नाही. निदान तोंडाने तरी तसं म्हटलं.

मिरजेचे दंतवैद्य हे आडव्या अंगाचे, सतत गुणगुणणारे गृहस्थ होते. त्यांनी आत पाहिलं आणि गुणगुणणं थांबवलं.

"मिश्री लावतोस?"

"व्हय."

"दिवसातनं किती वेळा?"

"हलगी वाजली की."

मिश्रीने हिरडी बधिर होते, म्हणून ती बिचाऱ्याची दवा होती. दंतवैद्यांनी आधी पू आटायला गोळ्या दिल्या आणि मग चार खेपांत बावीस दात काढले. वरचे सगळे आणि खालच्या डाव्या बाजूचे. पहिला काढला तो हलगीवाला. तो स्टीलच्या वाटीत टण्णदिशी पडला. भावाने तोंडात बोळा असतानाच हात पुढे करून तो उचलला, उजेडाकडे धरला आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला.

"आतनं पोकळ," तो बोळ्यातून म्हणाला. "जॉब रिजेक्ट."

दंतवैद्य एवढे हसले की त्यांना खुर्चीला धरावं लागलं. मी हसलो नाही. जॉब, रिजेक्ट, फिटिंग, हे शब्द मी त्याच्या तोंडून तीन वर्षांत ऐकले नव्हते.

डिसेंबरात एक दिवस माझ्या बायकोने त्याला साखर आणि काडेपेटी आणायला धाडलं. तो दोन्ही घेऊन आला आणि वर म्हणाला, "दुकानदारानं आठ आणं कमी दिल्यात. मी मागितलं तर म्हणतोय उद्या ये." बायकोने मला यार्डात निरोप पाठवला. मी दुपारची सुट्टी काढून घरी आलो. आठ आण्यांसाठी नोकरीत मी त्याआधी कधी सुट्टी काढलेली नाही, त्यानंतरही नाही. दुकानात गेलो तर दुकानदाराने गल्ला बघितला आणि आठ आणे काढून दिले. भाऊ बरोबर होता.

जानेवारीत, संक्रांत उलटल्यावर, सकाळी अकराच्या सुमारास दारात एक पोतं येऊन पडलं. त्यामागोमाग भावजय.

"आक्का, ह्ये हुलगं," ती माझ्या बायकोला म्हणाली. मग घरात नजर फिरवत, "कुठं हायती? त्यांचं दात न्हाईत म्हणं आता. बघाय आलीया."

भाऊ परसात नळावर होता. आवाज ऐकून आत आला, तिला पाहून दारातच थांबला, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"बघू," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"आता लाजतंय बघा! दोन वरीस माजी भाकरी माघारी लावताना लाजला न्हाईसा. बघू म्हनते न्हवं."

त्याने तोंड उघडलं. ती वाकून आत बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग मोठ्याने, मग पोत्यावर बसून. "आगं आई गं! दिसतंय कसं! माजा आज्जा शंभरीत असा दिसत न्हवता!" भाऊही हसायला लागला. त्याचं ते बोळकं तोंड पसरलं की ती परत हसे, ती हसली की तो परत तोंड पसरी. माझी बायको कढईत उलथनं ठेवून भिंतीला धरून उभी राहिली. आमच्या घरात एवढा आवाज किती दिवसांनी झाला होता ते मला मोजता आलं नाही.

हसणं संपल्यावर ती त्याला एकदम हळू म्हणाली, "दुकतंय म्हनून सांगायचं न्हाई व्हय? मी काय समजून बसले हुते, ठावं हाय तुमास्नी?"

"सांगितलं की," तो म्हणाला. "हलगी वाजती म्हनून."

"हलगी वाजती म्हनं! दाढ दुकती म्हनायला काय झालं हुतं?"

त्याने विचार केला. "दुकत न्हवती," तो म्हणाला. "वाजतच हुती."

ठणका ज्याने सोसला आहे त्याला ते पटेल. तिने पोतं सोडलं आणि माडगं करायला घेतलं. "दात येस्तवर हाय मी," ती माझ्या बायकोला म्हणाली. "म्होरलं म्होरं."

फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी परत पाच शब्द सांगितले. थोड्या वेळाने विचारले तर भावाने चार सांगितले. मी खुर्चीतून उठलोच.

"पर बाई, दर टायमाला हेच शब्द असत्यात," भाऊ म्हणाला. "तुमास्नी दुसरं येत न्हाईत का?"

डॉक्टरीणबाईंनी हसत दुसरे पाच सांगितले. त्यातले तीन आले. तेव्हापासून कोणी विचारलं तर मी तीनच सांगतो. चारमध्ये एक जुन्या ओळखीचा असू शकतो.

"पण दोनाचे तीन झाले," मी म्हटलं. "आणि ईएसआर पंचवीसवर आलाय. म्हणजे दातच."

"घाई करू नका," त्या म्हणाल्या. "दात काढले, मी गोळी कमी केली आणि बायको परत आली. तिन्ही चार महिन्यांत. श्रेय कोणाला देणार?"

"तिघांत वाटून."

"कसं वाटणार?"

ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पण घरात भांडण लागलं की भावजय सगळं श्रेय माडग्याला देते आणि माझी बायको चकलीला.

मार्चात कवळी आली. वरची अख्खी, खालची अर्धी. भावाने ती दोन दिवस वापरली आणि म्हणाला, "फिटिंग टाईट हाय." तिसऱ्या दिवशी त्याने पॉलिश पेपर आणून ती घासली. मग ती बोलताना खाली पडू लागली. दंतवैद्यांनी ती हातात घेऊन पाहिली.

"हे कोणी केलं?"

"म्या. टॉलरन्स जास्त झाला वाटतं."

"वाटतं? तुझ्या लेथला मी हात लावायला आलो होतो का रे?" दंतवैद्यांनी कपाळ बडवून घेतलं, दीडशे रुपये वर घेतले आणि परत बसवून दिली. भाऊ वाटेत मला म्हणाला, "आण्णा, मानूस बरा हाय. पर तापट हाय."

पाडवा एक एप्रिलला होता. सात हजार रुपये मी सोसायटीकडून उचलून ठेवलेले होतेच. शब्द दिला तर रक्कम तयार हवी. त्यातले दोन हजार एकशे दहा दात, गोळ्या, कवळी आणि ते दीडशे यांत गेले होते. उरलेले चार हजार आठशे नव्वद खिशात घेऊन आम्ही चौघं वस्तीवर गेलो. काडी मोडायची वेळ आलीच तर कमी पडलेले दोन महिन्यांत देईन, असं म्हणायचं मी ठरवलं होतं. भावजयीला विचारायचं मला धाडस झालं नव्हतं. एसटीत ती आणि भाऊ पुढच्या बाकावर बसले होते. ती बोलत होती, तो ऐकत होता. म्हणजे काही कळायला मार्ग नव्हता.

लिंबाखाली परत तीच माणसं. ह्या वेळी भावजय घोंगड्यावर बसली.

"काय करायाचं मग, बाई?" थोरल्या पंचांनी विचारलं. "काडी आनलीया म्या."

"काडी चुलीत घाला," ती म्हणाली. "मी जातीया ह्यांच्यासंगं."

तिचा भाऊ म्हणाला, "आगं, मला बी आनंदच हाय. पर उद्या फिरून वाकडं झालं तर? दात गेलं म्हनून आजार गेला न्हाई न्हवं?"

प्रश्न खरा होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तिनेच दिलं. "न्हाई गेला. सुई हायच म्हैन्याची. इसरत्यात अजून. काल मला म्हनलं, आज बुधवार, हुता शुक्कुरवार. व्हईल फिरून बी. पर आता मला ठावं हाय, काय इचारायचं ते. भाकरी सारली तर तोंड उगडून बघायचं. ह्ये आदी करायला पायजे हुतं, कुनीच केलं न्हाई. ना घरच्यांनी, ना डाक्तरनी, ना मी."

पंच म्हणाले, "बरं बोलली."

"पर एक हाय," ती माझ्याकडे वळली. "भावजी, रागावू नगा. मला एगळी चूल पायजे. आक्कासंगं माजं वाकडं न्हाई. पर त्या घरात मी भाकरी वाढली की चार जन बघत्यात, ह्यो खातोय का न्हाई. दोन वरीस आसं बघितलंय सगळ्यांनी. आता मला कुनी बघायला नगं. खाल्ली तर खाल्ली, न्हाई खाल्ली तर आमचं आमी बघू."

माझी बायको माझ्याआधी बोलली. "बरोबर हाय तिचं," ती म्हणाली. "मी बी बघत होते." आणि मला कोपराने ढोसलं.

मी तिथेच हिशेब केला. आमच्या घरामागे दहा फूट रुंद मोकळी जागा होती. पैसे भावजयीचे म्हणून काढलेले होते, ते तिच्यावरच खर्च झाले तर कोणाचं काही म्हणणं असू नये. मी तिच्या भावाला तसं विचारलं. "माजं काय म्हननं?" तो म्हणाला. "भांडी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्यात. त्यात शिजवू द्या म्हंजी झालं." मग पुरणपोळ्या झाल्या. भावाने कवळी काढून खिशात ठेवली आणि पाच खाल्ल्या. पुरणपोळीला दात लागत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

खोली मे महिन्यात झाली. विटांच्या तीन भिंती, चौथी आमच्याच घराची, वर पत्रा, दक्षिणेला खिडकी, आणि कोपऱ्यात भावजयीने स्वतः थापलेली चूल. विटा, पत्रे, लाकूड, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी मिळून चार हजार आठशे दहा. भाऊ रोज संध्याकाळी पोत्यांची शिलाई आटोपून येई आणि गवंड्याच्या ओळंब्याकडे बघत उभा राही. भिंत अर्ध्या सुताने बाहेर गेली आहे असं त्याने तीनदा सांगितलं. गवंडी म्हणाला, गेली असली तर गेली, तुझ्या लेथवर चढवायची न्हाई. दोघांची गट्टी जमली.

आज हे लिहिताना पाच वर्षं होत आली. इंजेक्शन चालू आहे. वार अजून चुकतो. पाच शब्दांतले तीन येतात, कधी चार. डॉक्टरीणबाई आता दर वेळी शब्द बदलतात आणि दर वेळी आधी तोंड उघडून बघतात. त्यांच्याकडे येणाऱ्या सगळ्यांचंच बघतात, असं बाहेर बाकावर बसणारे सांगतात. मागच्या खोलीतून कधी भांडण ऐकू येतं, कधी हसणं. कोण काय खातं ते आम्ही बघत नाही. माझी बायको मध्यंतरी खिडकीजवळ रेंगाळली होती, तेव्हा आतून तिच्या दिशेने हुलग्यातला एक खडा आला.

हिशेब पुरा करतो. सात हजारांतून दातांचे आणि खोलीचे वजा जाता ऐंशी रुपये उरले. ते मी भावजयीच्या हातात दिले. नव्या चुलीवर भाकऱ्यांसाठी तवा हवा होता. शनिवारच्या बाजारात ती आणि भाऊ गेले. रस्त्याकडेला तवे मांडून बसलेल्या लोहारणीने ऐंशीच सांगितले. भावजयीने पन्नासपासून सुरुवात केली. पासष्टला सौदा ठरला. पैसे भावाकडे होते. त्याने ते दोनदा मोजले आणि लोहारणीला बरोबर पासष्ट रुपये दिले.